गाणाराचें नांव, वादकाचा हात

अमेरिकेंत ज्याला 'कंट्री' संगीत म्हणतात त्याच्याविषयीं आज मी बोलणार आहें. हें संगीत आपल्याकडे बेताचेंच ऐकलें जातें, आणि जें ऐकलें जातें तें एखाद्या गाजलेल्या गायकाच्या नांवानें. परंतु माझा आजचा विषय गायक हा नव्हे. गायकाच्या मागें बसून जे गिटार, फिडल, पियानो किंवा ढोल वाजवितात, आणि ज्यांना तिकडे 'सेशनचे वादक' म्हणतात, त्या मंडळींविषयीं मला बोलावयाचें आहे. त्यांतहि एक प्रश्न मला विशेषेंकरून आपणांपुढें मांडावयाचा आहे. एखाद्या गायकानें कोणत्याहि मोठ्या कंपनीच्या आश्रयावांचून, पदरचे पैसे घालून, आपल्या दहा-बारा गाण्यांचा संच, म्हणजे अल्बम, मुद्रित करावयाचा ठरविला, तर त्यानें वादक कोणते घ्यावे, त्यांना काय द्यावें, आणि तयार झालेल्या वस्तूवर त्यांचा हक्क कितपत मानावा?

हा प्रश्न वरवर पाहतां हिशेबाच्या वहींतला वाटतो. वस्तुतः गाणें कानाला कसें लागणार हें पुष्कळ अंशीं त्याच्या उत्तरावरच ठरतें.

प्रथम कंट्री संगीत म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलखांत इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड येथून आलेल्या वसाहतवाल्यांनीं आपलीं कथागीतें व फिडलवरच्या नाचाच्या चाली नेल्या. फिडल म्हणजे आपलें व्हायोलिनच. वाजविण्याची ढब तेवढी निराळी. बॅन्जो हें वाद्य आफ्रिकेंतून गुलाम करून आणलेल्या लोकांचें; ब्लूजची आर्त गायकीहि त्यांच्याच वंशजांची. त्यांत चर्चमधील प्रार्थनागीतें मिसळलीं, आणि हवाई बेटांतून आलेली स्टील गिटारहि येऊन बसली. ज्याला लोक अस्सल गांवरान म्हणून मान देतात, तें असें चार दिशांच्या पाण्यांनीं भरलेलें आहे.

या संगीताच्या ध्वनिमुद्रणाचा इतिहास सांगतांना १९२७ सालचें ब्रिस्टल गांव टाळून पुढें जातां येत नाहीं. या गांवाच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध टेनेसी व व्हर्जिनिया या दोन राज्यांची शीव जाते. जुलैच्या अखेरीस राल्फ पीअर नांवाचा गृहस्थ व्हिक्टर कंपनीच्या वतीनें तेथें आला, एका जुन्या टोप्यांच्या कंपनीच्या इमारतींत त्यानें आपलें यंत्र मांडलें, आणि २५ जुलैपासून ५ ऑगस्टपर्यंत १९ गायकांचीं व मंडळ्यांचीं मिळून ७६ गाणीं मेणाच्या तबकड्यांवर उतरून घेतलीं. कार्टर कुटुंब तेथेंच प्रथम मुद्रित झालें. त्यांतील मेबेल ही अठरा वर्षांची मुलगी आंगठ्यानें गिटारच्या खर्जाच्या तारांवर चाल वाजवी आणि त्याच वेळीं बाकीच्या बोटांनीं वरच्या तारांवर लय धरी. साथीला निराळा वादक आणावा अशी ऐपत नव्हती आणि गरजहि नव्हती.

जिमी रॉजर्सची गोष्ट याहून बोधप्रद आहे. रेल्वेंतील नोकरी क्षयामुळें सुटलेला हा माणूस आपल्या सोबत्यांसह ब्रिस्टलला आला होता. परंतु तबकडीवर मंडळीचें नांव काय पडावें यावरून त्यांच्यांत बेबनाव झाला असें सांगतात. सोबती निराळे झाले, आणि ४ ऑगस्ट रोजीं रॉजर्स एकटाच आपली गिटार घेऊन यंत्रापुढें उभा राहिला. पुढें तो कंट्री संगीताचा आद्य नायक ठरला. पीअरनें गाण्यामागें रोख ५० डॉलर दिले, व गीताच्या प्रकाशनहक्कांतून थोडा वांटा कबूल केला. हा वांटा गीत रचणाराला, अथवा रचणारा म्हणून ज्याचें नांव लागे त्याला. नुसता वाजविणारा पन्नासांतला आपला हिस्सा खिशांत घालून घरीं जाई. म्हणजे नांव कोणाचें आणि पुढचा पैसा कोणाचा, हे दोन्ही तंटे या संगीताच्या जन्माबरोबरच आलेले आहेत.

येथें सहज एक गोष्ट आठवते. १९०२ सालीं कलकत्त्यास फ्रेड गैसबर्ग या अमेरिकन मुद्रणकारानें गौहरजानचें गाणें उतरून घेतलें. त्या काळच्या तबकड्यांत गाणें संपतांना गौहरजान स्वतःचें नांव पुकारते तें आजहि ऐकूं येतें. सारंगी-तबल्याच्या साथीदारांची ओळख मात्र त्या तबकड्यांतून होत नाहीं.

आतां नॅशव्हिलकडे वळूं. टेनेसीची ही राजधानी कंट्री संगीताची पेठ झाली ती एका नभोवाणीकेंद्रामुळें. १९२५ सालीं तेथील एका विमाकंपनीनें डब्ल्यू. एस. एम. हें केंद्र काढलें, आणि त्यावरील शनिवार रात्रीच्या कार्यक्रमासाठीं वादक गांवांत येऊन राहूं लागले. वादक आले म्हणून १९४७ च्या सुमारास त्याच केंद्रांतील तिघां यंत्रज्ञांनीं एका हॉटेलांत मुद्रणाची सोय केली. मुद्रणाची सोय झाली म्हणून कंपन्या आल्या. १९५५ च्या सुमारास ओवेन व हॅरोल्ड या ब्रॅडली बंधूंनीं सोळाव्या रस्त्यावर एक घर घेऊन त्याच्या मागें लष्करी पद्धतीची अर्धगोल पत्र्याची छपरी उभारली. त्या 'क्वॉन्सेट हट'मधून जें संगीत बाहेर पडलें त्यानें पुढील वीस वर्षें अर्ध्या अमेरिकेचे कान भरून काढले.

आणि हें सारें संगीत वाजविणारे लोक किती? बाजारांत शेंकडों गायकांच्या तबकड्या येत, पण मागें वाजविणारे बहुधा तेच दहा-पंधरा: ग्रेडी मार्टिन, हँक गारलंड व हॅरोल्ड ब्रॅडली गिटारवर, बॉब मूर बासवर, बडी हार्मन ढोलांवर, फ्लॉइड क्रेमर व अंध हार्गस रॉबिन्स पियानोवर, पीट ड्रेक स्टील गिटारवर, चार्ली मकॉय हार्मोनिकावर. सकाळीं दहा ते एक, दुपारीं दोन ते पांच, सायंकाळीं सहा ते नऊ, आणि कधीं कधीं रात्रीं दहानंतर चौथी पाळी. तीन तासांच्या एका पाळींत तीन-चार गाणीं पुरीं करावयाचीं असा रिवाज. गाणें आधीं पाठवीत नसत. गायक येई, एकदां गाऊन दाखवी अथवा कच्ची तबकडी ऐकवी, आणि पुढच्या पाऊण तासांत तें गाणें कायमचें मुद्रित होई.

हें कसें साधे? या मंडळीच्या कागदावर काय लिहिलेलें असतें तें पाहिलें म्हणजे उलगडा होतो. जॉर्डनेअर्स या गायकचौकडींतील नील मॅथ्यूज यानें १९५० नंतरच्या दशकांत एक युक्ति काढली, आणि चार्ली मकॉय प्रभृतींनीं ती वादकांत रूढ केली. स्वरमेळाला त्याच्या अक्षरनांवानें न ओळखतां, आधारस्वरापासून तो कितव्या स्वरावर उभा आहे त्या आंकड्यानें ओळखावयाचें. षड्जावरचा मेळ १, मध्यमावरचा ४, पंचमावरचा ५. सबंध गाणें एका चिठोऱ्यावर मावतें. आपणां लोकांना यांत नवल वाटूं नये, कारण आपला षड्ज मुळांतच चल आहे. गवई काळी एकमध्यें गावो कीं काळी पांचमध्यें, सरगम तीच राहते. पण अक्षरांनीं स्वर लिहिणाऱ्या देशांत ही मोठी सोय झाली. गायिकेचा घसा त्या दिवशीं बसलेला असला तर सारें गाणें दोन पट्ट्या खालीं उतरवावयाचें, आणि कागदावरचा एक आंकडाहि खोडावयाचा नाहीं.

मात्र कागदावर जें नसतें तेंच खरें काम. आंकडे मेळ सांगतात. गाण्याच्या दोन ओळींमधली मोकळी जागा कोणी भरावी, कोणी गप्प बसावें, हें सांगत नाहींत. फिडल बोलूं लागलें तर स्टील गिटारनें थांबलें पाहिजे. दुसऱ्या कडव्यांत पियानोला वाट दिली पाहिजे. आणि गायक बोलत असतां कोणींहि मध्यें बोलतां कामा नये. उत्तम तबलजी गवयाच्या समेकडे जसा डोळा ठेवून असतो तसें हें अवधान आहे. फरक एवढाच कीं, येथें गवयाशीं ओळख दहा मिनिटांपूर्वीं झालेली असते.

स्टील गिटारविषयीं दोन शब्द अधिक बोलण्याचा मोह मला आवरत नाहीं. हें वाद्य आडवें ठेवून वाजवितात, आणि तारा पडद्यांवर न दाबतां डाव्या हातांतील पोलादी कांडी त्यांवरून सरकवितात; आपल्या विचित्रवीणेची जातच म्हणा ना. तिला पायानें दाबावयाच्या पट्ट्या जोडल्या गेल्या, आणि १९५४ सालीं गाजलेल्या वेब पीअर्सच्या 'स्लोली' या गाण्यांत बड आयझॅक्स यानें गाणें चालू असतांनाच पाय दाबून एक सूर जागच्या जागीं स्थिर ठेवला व शेजारचा सूर त्यांतून वर ओढीत नेला. मींड आणि स्थिर स्वर एकाच वेळीं! त्यानंतर जो तो स्टीलवादक आपल्या वाद्याला पट्ट्या बसवून घेऊं लागला. आज कंट्री म्हटलें कीं सामान्य श्रोत्याच्या कानांत हाच हुंदका उभा राहतो. पण आयझॅक्सचें नांव त्यांतील किती जणांना ठाऊक असेल?

याच छपरींतल्या आणखी दोन हकीकती ऐका. १९६१ च्या जूनमध्यें पॅट्सी क्लाइन ही गायिका मोटारीच्या भयंकर अपघातांतून वांचली होती. २१ ऑगस्टला ती 'क्रेझी' हें गाणें मुद्रित करावयास आली, तेव्हां बरगड्यांच्या दुखण्यामुळें वरचे स्वर तिला घेववेनात. जेथें तीन तासांत चार गाणीं व्हावयाचीं तेथें चार तास एकाच गाण्यावर गेले. अखेर वादकांनीं आपली साथ तेवढी मुद्रित करून ठेवली. कांहीं आठवड्यांनीं बरें वाटल्यावर क्लाइन परत आली आणि त्या तयार साथीवर आपला आवाज तिनें चढविला. तें गाणें ऐका. ती जेथें रेंगाळते तेथें साथहि रेंगाळते, असा भास होतो; वास्तविक वादक आधीं रेंगाळून गेलेले होते, कारण ती कोठें रेंगाळेल हें त्यांनीं त्या चार तासांत ओळखलें होतें.

दुसरी हकीकत त्याच वर्षीं निघालेल्या मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्याची. ग्रेडी मार्टिनच्या सहा तारांच्या बास गिटारचा आवाज मुद्रणयंत्राच्या एका बिघडलेल्या भागांतून जातांना फाटून, गुरगुरत बाहेर पडला. तो काढून टाकावा कीं ठेवावा यावर चर्चा होऊन तसाच ठेवण्यांत आला, आणि गाणें कंट्रीच्या यादींत पहिलें आलें. यंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यानें मग त्या बिघाडाची हुबेहूब नक्कल करणारें उपकरण तयार केलें. १९६२ पासून तें बाजारांत विकलें जाऊं लागलें, आणि पुढें रॉक संगीतवाल्यांनीं तो नाद घरोघर नेला. प्रताधिकाराचा कायदा गीताचे शब्द ओळखतो, चाल ओळखतो. वादकानें सांपडविलेला नाद मात्र तो ओळखत नाहीं.

या पद्धतीला दुसरी बाजूहि होती, आणि ती गायकांना बोंचे. वर्षांतले दोनशें दिवस जे सोबती गायकाबरोबर गांवोगांव मोटारींतून हिंडत, अर्धपोटीं झोपत, त्याच्या प्रत्येक गाण्याचा श्वास ओळखत, त्यांनाच मुद्रणाच्या दिवशीं दाराबाहेर ठेवण्यांत येई. कंपन्यांचें म्हणणें असें कीं, फिरतीचे वादक तीन तासांत चार गाणीं देऊं शकत नाहींत. हें खोटें नव्हतें. पण याचा परिणाम असा झाला कीं, निरनिराळ्या गायकांचीं गाणीं एकाच मुशींतून ओतल्यासारखीं लागूं लागलीं.

कॅलिफोर्नियांतील बेकर्सफील्ड या तेलाच्या व कापसाच्या गांवानें या मुशीला पहिला छेद दिला. बक ओवेन्स हा स्वतः हॉलिवुडमध्यें दुसऱ्यांच्या तबकड्यांवर रोजावर गिटार वाजवून शिकलेला. परंतु स्वतः नांवारूपास आल्यावर त्यानें डॉन रिच व आपली 'बकरूज' ही मंडळीच मुद्रणाला नेली. मर्ल हॅगर्डच्या पहिल्या तबकड्या तर त्याच गांवांतील टॅली नांवाच्या चिमुकल्या, दोन स्थानिक वादकांनीं चालविलेल्या कंपनीनें काढल्या. मोठ्या कॅपिटल कंपनीनें त्याला मागाहून, १९६५ मध्यें, उचललें. नॅशव्हिलमध्येंहि पुढें वेलन जेनिंग्ज यानें आपलेच सोबती व आपल्या पसंतीची मुद्रणशाळा यांसाठीं कंपनीशीं दोन हात केले. विली नेल्सननें तर १९७५ च्या जानेवारींत टेक्ससमधील गारलंड येथें जाऊन बहीण बॉबी हिचा पियानो, पॉल इंग्लिशचे ढोल, मिकी राफेलचा हार्मोनिका अशा मोजक्या साथीवर 'रेड हेडेड स्ट्रेंजर' हा अल्बम पुरा केला. कंपनीच्या अधिकाऱ्यांना तो पक्क्या मुद्रणाआधींचा कच्चा नमुनाच वाटला! करारांत शेवटचा शब्द नेल्सनचा होता म्हणून तो जसाच्या तसा निघाला, आणि लाखोंनीं खपला. 'क्रेझी' हें गाणें रचणारा नेल्सन तो हाच. तेव्हां रोजंदार वादकांची थोरवी त्याला ठाऊक नव्हती असें नाहीं.

मग स्वतःच्या पैशानें अल्बम करणारानें काय करावें? अलीकडचें एक उदाहरण घेतों, कारण त्यांत एकाच माणसानें दोन्ही मार्ग चोखाळले. केंटकीचा स्टर्जिल सिंप्सन यानें २०१३ सालीं 'हाय टॉप माउंटन' हा पहिला अल्बम स्वखर्चानें काढला. त्यासाठीं त्यानें नॅशव्हिलमधील मुरलेले वादक बोलाविले. पियानोवर तोच हार्गस रॉबिन्स, वय पंचाहत्तरीच्या घरांत, आणि स्टीलवर पूर्वीं वेलन जेनिंग्जच्या साथीला असलेला रॉबी टर्नर. पुढच्याच वर्षीं 'मेटामॉडर्न साउंड्स इन कंट्री म्युझिक' हा दुसरा अल्बम त्यानें आपल्या फिरतीच्या सोबत्यांना घेऊन चार दिवसांत उरकला. दोन्हींचा निर्माता एकच, डेव्ह कॉब. पहिला अल्बम ऐकतांना जुन्या वाड्यांत गेल्यासारखें वाटतें: खांब, तुळया, कोरीव काम सारें जागच्या जागीं. दुसऱ्यांत भिंतींचे कोपरे जरा खडबडीत राहिले आहेत, पण घर त्याचें स्वतःचें आहे. मला दुसरा अधिक आवडतो. तरीहि पहिल्यांत रॉबिन्सचा उजवा हात गायकाच्या ओळीला जें हळूच उत्तर देतो तें ऐकल्यावर, हा खर्च वायां गेला असें म्हणण्याची माझी छाती होत नाहीं. त्या हाताला चाळीस-पन्नास वर्षांचें शिक्षण होतें, आणि रॉबिन्स २०२२ मध्यें निवर्तला.

दुसऱ्या अल्बममधील गिटारवादक लाउर योआमेत्स हा तर एस्टोनिया देशांतून आलेला. म्हणून 'स्थानिक वादक' या शब्दाचा अर्थ मी गांवाच्या नकाशावरून लावीत नाहीं. जो त्याच खोलींत बसून, त्याच हवेंत वाजवितो, आणि काम संपल्यावर उद्यां पुन्हां भेटतो, तो स्थानिक.

खोली हा शब्द मी मुद्दाम वापरला. आज अशी सोय आहे कीं, स्टीलवादक आपल्या घरीं बसून आपला भाग मुद्रित करतो आणि विजेच्या वेगानें पाठवून देतो. फिडलवाला दुसऱ्या राज्यांत, ढोलवाला तिसऱ्या. दोघांनीं एकमेकांचें तोंडहि पाहिलेलें नसतें. खर्च फार वांचतो, आणि अडलेल्या गायकाला त्याबद्दल दोष देणें बरोबर होणार नाहीं. परंतु एका खोलींत चार माणसें वाजवितात तेव्हां फिडलच्या ध्वनिग्राहकांत ढोलाचा थोडा आवाज शिरतो, गायकाच्या ध्वनिग्राहकांत गिटारचा. यंत्रज्ञाला ही गळती त्रासाची वाटते, कारण चुकलेला एकच सूर मागाहून निराळा काढतां येत नाहीं. श्रोत्याला मात्र तीच गळती हीं माणसें एकत्र होतीं हें सांगते. म्हणून पैसे थोडे असले तर माझ्या मतें ते महागड्या यंत्रावर घालूं नयेत. दोन दिवस आधीं कोणाच्या तरी पडवींत तालीम करावी, गाण्यांची संख्या कमी करावी, आणि जे पैसे आहेत ते चार चांगल्या वादकांना एका खोलींत एकाच वेळीं बसविण्यावर खर्च करावे.

आतां मोबदल्याकडे येतों. हा भाग रुक्ष आहे, पण तो टाळून बोलणें म्हणजे अर्धें बोलणें होय.

१ ऑगस्ट १९४२ रोजीं अमेरिकेंतील वादकांच्या संघानें, जेम्स पेट्रिलो याच्या पुढारीपणाखालीं, ध्वनिमुद्रणावरच बहिष्कार घातला. म्हणणें सरळ होतें: आम्ही एकदां वाजवावें आणि तबकडीनें हजारदां वाजवावें, त्यामुळें ज्या नृत्यगृहांत व नभोवाणीकेंद्रांत आम्हांला काम मिळे तेथेंच आतां तबकडी बसते. दोन वर्षें संपाची झळ सोसून व्हिक्टर व कोलंबिया या बड्या कंपन्या नोव्हेंबर १९४४ मध्यें नमल्या, आणि विकल्या जाणाऱ्या तबकड्यांमागें ठराविक रक्कम एका निधींत जमा होऊं लागली. पण निधीचा उपयोग बेकार वादकांना काम देण्याकडे. ज्याच्या हातानें ती विशिष्ट तबकडी वाजली त्याला त्यांतून वेगळें कांहीं नाहीं. आजहि अमेरिकेंत साध्या नभोवाणीवरून गाणें वाजलें तर गीतकार व संगीतकार यांना पैसे मिळतात. गाणाराला व वाजविणाराला कायद्यानें कांहीं मिळत नाहीं. १९९५ च्या कायद्यापासून उपग्रहावरून किंवा इंटरनेटवरून चालणाऱ्या नभोवाणीपुरता थोडा बदल झाला आहे. तेथें जमणाऱ्या शंभर रुपयांतले पन्नास मुद्रणाच्या मालकाला, पंचेचाळीस मुख्य गायकाला, आणि उरलेले पांच बाकी सर्वांना जातात. अडीच वादकांना, अडीच मागें गाणाऱ्यांना.

आतां स्वतंत्र अल्बमच्या बाबतींत ही वांटणी कशी दिसते पाहा. मुद्रणाचा मालक कोण? गायक. मुख्य कलावंत कोण? तोच. म्हणजे शंभरांतले पंचाण्णव त्याचे. ज्या कंपनीच्या विरुद्ध इतकीं वर्षें कुरकुर चालली होती, तिच्या खुर्चीवर आतां तो स्वतः बसला आहे. 'स्वतंत्र' हा शब्द कानाला गोड लागतो. परंतु तो कोणापासून स्वतंत्र आहे? मोठ्या भांडवलापासून असेल. स्टील गिटारवाल्यापासून मात्र नक्कीच नाहीं. कंपनीच्या अल्बममध्यें वादकाला निदान संघाचा ठराविक दर मिळे. स्वतंत्र गायकाच्या घरीं मैत्रीचा व्यवहार असतो, आणि मैत्रीच्या व्यवहारांत 'तूर्त वाजव, पुढें गाजलें तर पाहूं' हें वाक्य फार सहज तोंडांतून निघतें. गाजलेंच नाहीं तर वाद नाहीं. गाजलें म्हणजे मग दहा वर्षांची मैत्री वकिलाच्या कचेरींत जाऊन मोडते. माझें मत स्पष्ट आहे: यंत्र सुरू होण्यापूर्वीं दर ठरला पाहिजे, तो त्याच दिवशीं चुकता झाला पाहिजे, आणि नंतरचा वांटा द्यावयाचा असेल तर किती व कशांतून, हें एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या झाल्या पाहिजेत. पैसे कमी असतील तर गाणीं कमी करावीं, वादकाची मजुरी कमी करूं नये.

पैशाखालोखाल नांवाचा प्रश्न. या बाबतींत आपल्याकडे एक चाल चांगली आहे. आकाशवाणीवर शास्त्रीय गायन संपलें म्हणजे निवेदक तबल्यावर कोण होतें, संवादिनीवर कोण होतें, हें नांवानिशीं सांगतो. साथीदाराच्या गांवीं त्या दोन शब्दांची वाट पाहत अख्खें घर बसलेलें असतें. परंतु याच मुंबईंत चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांनीं दशकानुदशकें जें काम केलें तें गाण्यांच्या तबकड्यांवर छापलें गेलें नाहीं. मजोर्डा गांवच्या अँथनी गोन्साल्विस या व्हायोलिनगुरूंचें नांव सामान्य माणसाच्या तोंडीं बसलें तें १९७७ सालच्या एका चित्रपटांतील गमतीच्या गाण्यामुळें. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनीं तें नांव त्यांत घातलें. किती प्रेक्षकांना तें एका खऱ्या माणसाचें नांव आहे हें कळलें असेल, देव जाणे.

अमेरिकेंतील कंट्रीच्या तबकड्यांवरहि पूर्वीं वादकांचीं नांवें बहुधा नसत. पुढें मोठ्या अल्बमच्या वेष्टनावर तीं छापलीं जाऊं लागलीं, आणि ज्यांना हा नाद होता ते श्रोते गायकापेक्षां स्टीलवाला कोण हें आधीं पाहूं लागले. आतां वेष्टनच गेलें. गाणें फोनच्या कांचेवर येतें तेव्हां गायकाचें नांव मोठ्या अक्षरांत दिसतें, आणि बाकीचीं नांवें तीन ठिकाणीं बोट लावून शोधावीं लागतात. पुष्कळदां तेथेंहि नसतात, कारण तीं कोणीं भरलेलींच नसतात. केंटकीचा टायलर चाइल्डर्स यानें २०१७ सालीं स्वतःच्याच छापाखालीं 'पर्गेटरी' हा अल्बम नॅशव्हिलच्या कसलेल्या वादकांना घेऊन काढला, आणि २०२२ च्या अल्बमवर तर आपल्या 'फूड स्टॅम्प्स' या मंडळीचें नांव आपल्या नांवाशेजारीं घातलें. हें पाहून मला समाधान वाटलें; पण अशीं उदाहरणें थोडीं.

मुद्रण संपल्यावर, वाद्यें पेट्यांत जाण्यापूर्वीं, एक तक्ता भरावयास अर्धा तास लागतो: तारीख, गाणें, वाद्य, वादकाचें पुरें नांव. थकलेल्या माणसांना तो अर्धा तास नकोसा होतो. मघांशीं जे अडीच रुपये सांगितले, ते वांटण्यासाठीं अमेरिकेंत वादक-गायकांच्या संघांनीं एक निधि चालविला आहे. त्याच्यापुढें मोठी अडचण आहे ती ही कीं, पैसे जमा आहेत, गाणें कोणतें हेंहि ठाऊक आहे, पण वाजविलें कोणीं आणि तो माणूस कोठें आहे याचा पत्ता लागत नाहीं. निधीची कचेरी अशा न सांपडलेल्या माणसांच्या याद्या प्रसिद्ध करते. कांहीं यादी पाहून स्वतः येतात, कांहींचे वारस येतात, आणि कांहींची रक्कम तशीच पडून राहते.